एका गाडीचे एकच घर : रेल्वे आरक्षणाच्या संगणकाची चाळीस वर्षे

तिकीट काढणारा माणूस ‘आयआरसीटीसी’चे नाव घेतो. साइट चालली तर तिचे कौतुक होते, अडकली तर तिलाच बोल लावले जातात. परंतु आपली बर्थ प्रत्यक्ष ज्या संगणकात ठरते, तो सांभाळणारी संस्था निराळी आहे. तिचे नाव ‘सेंटर फॉर रेल्वे इन्फर्मेशन सिस्टिम्स’, म्हणजेच क्रिस. रेल्वे मंत्रालयाच्या अखत्यारीतली ही नोंदणीकृत संस्था १९८६ साली स्थापन झाली आणि तिचे मुख्यालय दिल्लीत चाणक्यपुरीला आहे. मालगाड्यांचा माग ठेवणारी ‘फॉइस’, अनारक्षित तिकिटांची ‘यूटीएस’, गाडी कुठवर आली हे सांगणारी चौकशी प्रणाली ही सगळी कामे तिच्याकडे आहेत. त्यांतल्या प्रत्येकावर स्वतंत्र लेख होईल. येथे मी फक्त आरक्षणाचा इतिहास सांगणार आहे, कारण खान्देशाचा या संस्थेशी सर्वांत जवळचा संबंध तिथेच येतो.

हा संबंध नीट समजण्यासाठी आपल्या भागातली रेल्वे कशी पसरली आहे ते पाहायला हवे. चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ ही स्टेशने मध्य रेल्वेची, तर अमळनेर, नरडाणा, दोंडाईचा, नंदुरबार पश्चिम रेल्वेची. सुरतेहून तापीच्या काठाने येणारा मार्ग १९०० साली जळगावला पोहोचला आणि तेव्हापासून हे दोन मार्ग जळगावला एकमेकांना भेटतात. चाळीसगावहून धुळ्याला जाणारा फाटाही १९०० सालचाच, आणि तो धुळ्यालाच संपतो. भुसावळ तर विभागाचे मुख्यालय. एवढे असूनही जळगावहून लांबच्या प्रवासाला निघणारा माणूस बहुतेक वेळा मधल्या स्टेशनाचा प्रवासी असतो. त्याची गाडी मुंबईहून सुटते, हावड्याहून सुटते, गोंदियाहून नाहीतर कोल्हापुरातून सुटते. गाडी आपल्या फलाटावर येते, पण तिच्या बर्थचा हिशेब दूर कुठेतरी असतो. आरक्षणाच्या संपूर्ण इतिहासाकडे मी याच नजरेने पाहतो : दूर ठेवलेला हिशेब मधल्या स्टेशनावरच्या माणसापर्यंत किती लवकर आणि किती खरा पोहोचला?

संगणक येण्यापूर्वी हा हिशेब कागदी रजिस्टरात असे. एका गाडीच्या एका तारखेसाठी एक तक्ता. बर्थला नाव लागले की बाबू तिथे पेनाने नोंद करत. रजिस्टर एकच असल्यामुळे ते ज्या खिडकीवर असेल त्याच खिडकीसमोर उभे राहावे लागे. मोठ्या स्टेशनांवर अमुक गाड्यांची खिडकी ही, तमुक गाड्यांची ती, अशी वाटणी असे आणि चुकीच्या रांगेत तासभर घालवलेला माणूस पुन्हा दुसऱ्या रांगेच्या शेपटाला लागे. मधल्या स्टेशनांना ठरावीक कोटा मिळे. तो संपला, किंवा परतीचे तिकीट हवे असले, की गाडी सुटण्याच्या स्टेशनाला तार करायची आणि उत्तराची वाट पाहायची. उत्तर येईपर्यंत लग्नाची तारीख जवळ येऊन ठेपलेली असे.

या पद्धतीला नावे ठेवणे सोपे आहे, पण तिच्यात एक पक्के शहाणपण होते. एका बर्थची नोंद जगात एकाच कागदावर असल्यामुळे तीच बर्थ दोघांना जाण्याचा संभव फार कमी होता. पुढे संगणकाने जे काही केले, ते हे शहाणपण सांभाळूनच केले.

१९८५ च्या नोव्हेंबरात नवी दिल्लीला संगणकीय आरक्षणाचा पहिला प्रयोग सुरू झाला. त्या प्रणालीचे नाव ‘इम्प्रेस’ आणि ती सीएमसी या सरकारी कंपनीने तयार केली होती. पुढच्या काही वर्षांत मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद येथेही संगणक बसले. आता कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचे तिकीट मिळू लागले, परंतु ते त्या शहराच्या संगणकात असलेल्या गाड्यांपुरतेच. पाच शहरांतले पाच संगणक एकमेकांशी बोलत नव्हते. मुंबईच्या संगणकाला हावड्याच्या गाडीचे काही ठाऊक नसे.

ही भिंत क्रिसच्या अभियंत्यांनी पाडली. त्यांनी लिहिलेली ‘कॉन्सर्ट’ ही प्रणाली १९९४ साली प्रथम सिकंदराबादला लागली आणि १९९९ पर्यंत पाचही केंद्रे तिने जोडली गेली. माझ्या मते या संस्थेच्या इतिहासातला सर्वांत मोठा टप्पा हाच. इंटरनेटचे कौतुक जास्त झाले, पण पाया इथे घातला गेला. सगळ्या देशाचा हिशेब एका मोठ्या संगणकात कोंबण्याचा मोह त्यांनी टाळला. प्रत्येक गाडीचा हिशेब पाचांपैकी एकाच केंद्रात राहील, आणि विनंती मात्र कुठूनही येईल, अशी रचना केली. जळगावच्या खिडकीवर कोणी हावड्याहून येणाऱ्या गाडीचे तिकीट मागितले तर ती मागणी कोलकात्याच्या केंद्राला जाते, बर्थ तिथे लागते आणि तिकीट इथे छापले जाते. जुन्या रजिस्टराचा नियम तसाच राहिला : एका गाडीचे एकच घर. बदलला तो फक्त त्या घरापर्यंतचा रस्ता. ज्या कामाला तारेने दिवस जात, ते रांगेतला पुढचा माणूस खिशातून पैसे काढेपर्यंत होऊ लागले. मधल्या स्टेशनाच्या प्रवाशाला हा फरक दिल्ली-मुंबईच्या माणसापेक्षा कितीतरी जास्त जाणवला.

‘आयआरसीटीसी’ची स्थापना सप्टेंबर १९९९ ची. ३ ऑगस्ट २००२ रोजी इंटरनेटवरून आरक्षण सुरू झाले. तेव्हा पैसे ऑनलाइन भरायचे आणि छापील तिकीट कुरियरने घरी यायचे. २००५ पासून ई-तिकीट आले आणि घरच्या प्रिंटरवर काढलेला कागद चालू लागला. शिरपूर, साक्री, जामनेर, यावल अशा गावांतल्या माणसांनाही आरक्षणासाठी स्टेशन गाठण्याची गरज उरली नाही. सायबर कॅफेवाल्यांनी तिकिटांसाठी वेगळे टेबल मांडले.

आणि इथूनच नवी अडचण उभी राहिली. खिडकीवरचा माणूस एक फॉर्म भरून देत असे आणि एक तिकीट घेऊन जात असे. स्क्रीनसमोरचा माणूस तसे करत नाही. तो आधी शुक्रवार पाहतो, मग शनिवार. जळगावहून नाही मिळाले तर भुसावळहून पाहतो. स्लीपर नाही, तर थर्ड एसी. एक तिकीट निघण्याआधी दहा ठिकाणी डोकावून येतो आणि पुष्कळदा काही न काढताच निघून जातो. यात त्याची काही चूक नाही, निवड करायची तर पाहावेच लागते. पण या प्रत्येक डोकावण्याचा भार शेवटी त्या पाच केंद्रांतल्या एखाद्या यंत्रावर पडू लागला. तत्काळची वेळ झाली की लाखो माणसे एकाच मिनिटाला तिथे जाऊन थडकत. ते यंत्र बर्थ देण्याच्या कामासाठी होते, आणि त्याचा वेळ ‘आहे का हो?’ या प्रश्नाला उत्तरे देण्यात जात होता. स्क्रीनवर चक्र फिरत राही, पैसे कापले जात, तिकीट येत नसे.

यावरचा उपाय संगणकशास्त्रात नवा नव्हता. वारंवार विचारली जाणारी उत्तरे मुख्य हिशेबापासून वेगळी, वेगवान मेमरीत धरून ठेवायची. या साठ्याला कॅश म्हणतात. ज्या वेब प्रणाली जावा भाषेत लिहिलेल्या असतात, त्यांच्यासाठी अशी साधने २००३ च्या सुमारास येऊ लागली होती. ग्रेग लक यांचे ‘ईएचकॅश’ त्याच वर्षीचे आणि ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांचे सर्वसामान्य वापराचे ‘मेमकॅश्ड’ही त्याच वर्षीचे. पण एका सर्व्हरच्या मेमरीतला साठा एवढ्या गर्दीला पुरत नाही. शिवाय दहा सर्व्हरांनी आपापला वेगळा साठा ठेवला तर दहा जण दहा आकडे सांगू लागतात. म्हणून अनेक सर्व्हरांची मेमरी जोडून तिचा एकच साठा करावा लागतो. एका प्रवाशाला कोणत्याही सर्व्हरने उत्तर दिले तरी ते सारखेच असले पाहिजे. यालाच वितरित कॅश म्हणतात.

२०१४ साली क्रिसने आयआरसीटीसीसाठी नवी ई-तिकीट प्रणाली बांधली, तिच्यात अशा कामासाठी ‘जेमफायर’ हे साधन वापरले. ते जावात लिहिलेले असून मूळचे अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातील जेमस्टोन सिस्टिम्सचे. शेअर बाजारातल्या व्यवहारांसाठी त्याचा वापर आधीपासून होत होता. पुढे ते व्हीएमवेअर आणि मग पिव्होटल या कंपन्यांकडे गेले आणि २०१५ मध्ये त्याचा गाभा ‘अपाची जिओड’ या नावाने सर्वांना खुला झाला. चीनच्या रेल्वेनेही आपल्या वसंतोत्सवाच्या गर्दीत शिल्लक तिकिटांच्या चौकशीसाठी हेच साधन वापरले होते. गर्दीचा प्रश्न दोन्ही देशांचा सारखाच होता.

अशी मांडणी करतात कशी, हे थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. साठ्यातल्या प्रत्येक उत्तराला एक किल्ली लागते. समजा कोणी गाडी ११०४०, म्हणजे गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस, जळगाव ते पुणे, अमुक तारीख, स्लीपर, तत्काळ, असे विचारले. हे सगळे तपशील जोडून एक किल्ली तयार होते. तिच्यावर गणिती प्रक्रिया करून एक क्रमांक काढला जातो आणि त्यावरून ती कोणत्या कप्प्यात जायची ते ठरते. जेमफायरमध्ये, वेगळे काही सांगितले नाही, तर असे ११३ कप्पे असतात. ही अविभाज्य संख्या आहे, त्यामुळे किल्ल्या एका बाजूला न साचता बऱ्यापैकी समान पसरतात. हे कप्पे उपलब्ध सर्व्हरांमध्ये वाटले जातात. नवा सर्व्हर जोडला तर काही कप्पे त्याच्याकडे हलवता येतात, किल्ल्या बदलाव्या लागत नाहीत. प्रत्येक कप्प्याची एक मुख्य प्रत असते. मांडणी करणाऱ्याने सांगितले असेल तर दुसऱ्या सर्व्हरवर तिची राखीव प्रतही असते. मुख्य प्रत असलेला सर्व्हर बंद पडला की राखीव प्रत मुख्य होते आणि पुण्याला निघालेल्या माणसाला यातले काही कळतही नाही. इथेही नियम तोच : एका किल्लीचे एकच मुख्य घर.

सगळीच माहिती अशी वाटून ठेवत नाहीत. स्टेशनांची यादी, गाड्यांचे मार्ग, भाड्याचे तक्ते ही माहिती क्वचित बदलते आणि सतत लागते. तिची पूर्ण प्रत प्रत्येक सर्व्हरवर ठेवणे सोयीचे असते. लॉगिन केलेल्या प्रवाशाची माहितीही साठ्यात ठेवावी लागते, नाहीतर त्याची पुढची क्लिक दुसऱ्या सर्व्हरकडे गेली की त्याला पुन्हा लॉगिन करावे लागेल, आणि तत्काळच्या वेळी तेवढ्यात बर्थ संपलेल्या असतात.

मांडणी करणाऱ्याची खरी कसोटी दोन-तीन ठिकाणी लागते. जावात निकामी झालेली मेमरी मोकळी करण्यासाठी प्रणाली मधूनच क्षणभर थांबते. साठा मोठा असेल तर हा क्षण लांबतो. जेमफायरमधले सर्व्हर एकमेकांची चाहूल घेत असतात, आणि मूळ मांडणीप्रमाणे पाच सेकंद एखाद्याकडून उत्तर आले नाही की बाकीचे त्याला संशयित ठरवतात. फक्त दम घ्यायला थांबलेला सर्व्हर अशा वेळी मेलेला समजला जातो, त्याचे कप्पे हलू लागतात आणि ऐन गर्दीत हलवाहलवीचाच भार वाढतो. म्हणून एका सर्व्हरला किती मेमरी द्यायची, हा आकडा चाचण्या घेऊनच ठरवावा लागतो. दुसरी कसोटी मुदतीची, म्हणजे साठ्यातले उत्तर किती वेळ चालवायचे आणि केव्हा मूळ यंत्राकडून नव्याने आणायचे याची. लोकप्रिय गाडीच्या उत्तराची मुदत नेमकी दहाच्या ठोक्याला संपली तर हजारो मागण्या एकदम मूळ यंत्राकडे धावतात. मुदती थोड्या मागेपुढे ठेवणे, आणि एकाच किल्लीसाठी एकाच मागणीला आत सोडून बाकीच्यांना त्याच उत्तराची वाट पाहायला लावणे, हे त्यावरचे उपाय. तिसरी गोष्ट साधी वाटते पण अनेक जण विसरतात : प्रणाली नुकतीच सुरू केलेली असते तेव्हा साठा रिकामा असतो. गर्दी यायच्या आधीच तो भरून ठेवावा लागतो.

नवी प्रणाली आली तेव्हा रेल्वेने जाहीर केलेले आकडे असे : मिनिटाला २,००० तिकिटांची क्षमता ७,२०० वर गेली आणि एका वेळी ४०,००० ऐवजी १,२०,००० माणसांना सेवा देता येऊ लागली. परीक्षा लवकरच झाली. १ एप्रिल २०१५ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत ६० दिवसांवरून १२० दिवस झाली. म्हणजे दोन महिन्यांच्या जास्तीच्या तारखा एकाच सकाळी खुल्या झाल्या. त्या दिवशी १३.४५ लाख तिकिटे निघाली.

हे श्रेय साधनाला देऊन मोकळे होणे मला पटत नाही. साधन विकत मिळते. कोणती माहिती थोडी शिळी चालेल आणि कोणती एक क्षणही शिळी चालणार नाही, हा निर्णय विकत मिळत नाही. गाडीची वेळ साठ्यातून द्यावी. ‘उपलब्ध १४’ हा आकडाही पाहणाऱ्यापुरता साठ्यातून देता येतो, कारण तो वाचेपर्यंत तसाही बदललेला असू शकतो. म्हणून तर साइटवर आकड्याशेजारी तो ताजा करून घेण्याची सोय असते. पण बर्थ देण्याची नोंद मूळ हिशेबातच झाली पाहिजे, तिथे साठ्याला प्रवेश नाही. स्क्रीनवर ‘उपलब्ध’ दिसले आणि पैसे भरल्यावर हातात वेटिंग पडले, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांचा आहे. तो संताप मी समजू शकतो. पण त्याची उलट बाजू पाहावी. साठ्यातल्या आकड्यावर विश्वासून बर्थ दिल्या असत्या तर एकाच बर्थवर दोन कुटुंबे मध्यरात्री भुसावळला समोरासमोर उभी राहिली असती. तसे होत नाही, हेच या संस्थेचे चाळीस वर्षांचे काम आहे.

पुढच्या दशकात गर्दी अनेक पटींनी वाढली. तत्काळची वेळ एसी वर्गासाठी दहा आणि इतरांसाठी अकरा, अशी २०१५ मध्ये विभागली गेली. २२ मे २०२५ रोजी एका मिनिटात ३१,८१४ तिकिटे निघाली आणि तोवरचा तो उच्चांक ठरला. पण त्याच वर्षी रेल्वेने आणखी एक गोष्ट उघड केली : तत्काळच्या पहिल्या पाच मिनिटांतल्या लॉगिनच्या प्रयत्नांपैकी निम्म्यापर्यंत प्रयत्न माणसांचे नसून स्वयंचलित प्रोग्रामचे असतात. साठा कितीही वेगवान केला तरी तो खऱ्या-खोट्याला सारख्याच वेगाने उत्तर देतो. म्हणून बाहेरच्या फळीत अशा प्रोग्रामना अडवणारी व्यवस्था बसवली गेली, साइटचा बहुतेक न बदलणारा भाग प्रवाशाच्या जवळच्या सर्व्हरांवरून दिला जाऊ लागला, कोट्यवधी संशयास्पद खाती बंद झाली. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळसाठी आधारची पडताळणी आली आणि पहिला अर्धा तास एजंटांना बंदी झाली. आगाऊ मुदत तर १ नोव्हेंबर २०२४ पासून पुन्हा ६० दिवसांवर आलेली आहे.

हे सगळे बदल मला योग्य वाटतात. एका गोष्टीची काळजी मात्र वाटते. पारोळ्याच्या, चोपड्याच्या एखाद्या आजोबांना आधारचा ओटीपी, कॅप्चा आणि बँकेचा ओटीपी हे तिन्ही एका मिनिटात जमत नाही. प्रणाली माणूस आणि प्रोग्राम यांच्यातला फरक ओळखण्यासाठी जी घाई लावते, तिच्यात हे आजोबाच आधी मागे पडतात. खिडकी त्यांच्यासाठी राहिली पाहिजे, आणि खिडकीवरचा कर्मचारीही.

आणि वितरित कॅशने बर्थ वाढत नाहीत, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. सुरतेच्या कारखान्यांत आणि पुण्याच्या आयटी कंपन्यांत काम करणारी खान्देशी पोरे होळीला आणि दिवाळीला एकाच आठवड्यात घरी येतात. अमळनेर-नंदुरबारच्या मार्गावर त्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. साइट पूर्वी अडकून नाही म्हणत असे, आता क्षणात ‘रिग्रेट’ म्हणते. वेळ वाचतो, धावपळ वाचते, बसचे तिकीट काढायला सकाळ मोकळी राहते. पण गाडी लागते ती लागतेच.

त्या बाजूनेही काही हालचाल आहे. २०२३ पासून धुळ्याहून दादरला थेट गाडी धावू लागली. त्याआधी धुळेकरांना चाळीसगावला गाडी बदलावी लागे, किंवा तिथे दुसऱ्या गाडीला जोडल्या जाणाऱ्या डब्यांवर अवलंबून राहावे लागे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ३०९ किलोमीटरच्या मनमाड-इंदूर मार्गाला मंजुरी दिली. हा मार्ग धुळे आणि शिरपूरवरून जाणार असून त्यावर ३० नवी स्टेशने प्रस्तावित आहेत. तो पूर्ण झाला की सव्वाशे वर्षे फाट्याचे शेवटचे स्टेशन असलेले धुळे मधले स्टेशन होईल. इंदूरची आणि मनमाडची गाडी तिथे थांबेल, तिचा हिशेब दुसऱ्या कुठल्या केंद्रात असेल, आणि धुळ्याच्या नावाने एखादा कोटा लावावा लागेल. रेल्वेने आरक्षण प्रणालीची क्षमता मिनिटाला दीड लाख तिकिटांपर्यंत नेण्याचे काम हाती घेतल्याचे २०२५ मध्ये जाहीर केले आहे. त्या नव्या प्रणालीच्या स्टेशनांच्या यादीत शिरपूरचे नाव पहिल्यांदाच घातले जाईल.